मदत हवी आहे: 'विरजण पडणे' वाईट कसे झाले?

नमस्कार मंडळी. रविवारी यावलजवळ शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झालेली, कळण्याच्या भाकरी तयार, आणि ऐन पंगतीत एका पाहुण्यांनी जुन्या बांधाचा वाद उकरला. सगळे गप्प. आजी म्हणाली, "टाकलं विरजण!"

माझ्या दहा वर्षांच्या मुलीने लगेच विचारले, "पण विरजणाने तर दही होतं ना? ते चांगलंच असतं." मला उत्तर सुचले नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

दुधात मिठाचा खडा पडला की दूध नासते, ते कळते. रंगाचा बेरंग, विरस हेही सरळ आहे, रसच गेला. पण विरजण तर आपण रोज रात्री हौसेने लावतो! दही झालेले पुन्हा दूध होत नाही, म्हणून हा अर्थ आला असेल का? की तापत्या दुधात आंबट पडून ते फाटते, त्यावरून?

जुन्या कोशांत किंवा ओव्यांत याचा दाखला कुणाला आढळला आहे का? आणि अशा रंगभंग करणाऱ्या माणसाला तुमच्या गावाकडे अहिराणीत किंवा लेवा बोलीत काय म्हणतात? आजीलाही ऐकवायचे आहे.