युवा महोत्सवाचा फॉर्म कुठं मिळतो? लगेच सांगा

पेठेतलं_लेझीम
मंडळी, युवा महोत्सवात लेझीम उतरवायचं आहे. दहा जण तयार आहेत, दोन महिने तालमीच्या हॉलवर रोज रात्री सराव चाललाय. काल एका ठिकाणी फॉर्म आणायला गेलतो. तिथल्या माणसानं मान वर न करता "तुमचं इथं होत नाही" एवढंच सांगितलं. मग कुठं होतंय? शेवटची तारीख कधी? वेळ अजिबात नाही.

घाटमाथा
कुठला युवा महोत्सव? शिवाजी विद्यापीठाचा वेगळा, राज्य सरकारचा वेगळा. विद्यापीठाचा असेल तर नाव कॉलेजातूनच जातं. आधी जिल्ह्याचा, मग मध्यवर्ती. तुम्ही सगळे एकाच कॉलेजचे आहात का?

पेठेतलं_लेझीम
कॉलेजचा काय संबंध? आम्ही गल्लीतले आहोत. कोण कॉलेजला, कोण शोरूमला, एकाचं स्वतःचं झेरॉक्सचं दुकान आहे.

घाटमाथा
अहो, मग हेच पहिल्यांदा लिहायचं ना! काल बहुतेक कुठल्या तरी कॉलेजात जाऊन उभे राहिलात.

मास्तर_निवृत्त
पोरांनो, युवक म्हणजे फक्त नाचगाणं नव्हे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. मी पंधरा वर्षं पोरं शिबिराला नेली. चर खणायचे, गावची गटारं काढायची, रात्री पिठलं-भाकरी खाऊन देवळात झोपायचं. त्यातून जी पोरं घडली ती आजही रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करतात. तुम्ही त्यात नाव घाला.

घाटमाथा
मास्तर, आदर आहे, पण त्यानं श्रमदानाचं विचारलेलं नाही. आणि सेवा योजनासुद्धा कॉलेजातूनच असते.

पेठेतलं_लेझीम, तुमच्या कामाचा तो सरकारचा. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाचा. जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि तिथून राष्ट्रीय. राष्ट्रीय महोत्सव १२ जानेवारीच्या, म्हणजे विवेकानंद जयंतीच्या आगेमागे असतो. २०२४ ला नाशकात झाला होता. चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा. तारीख दर वर्षी वेगळी, त्या वर्षीचं परिपत्रक हातात घेऊनच बाहेर पडा. वय १५ ते २९. तुमच्यात कुणी तिशीपार आहे का?

पेठेतलं_लेझीम
नाचणारे सगळे बसतात त्यात. झेरॉक्सवाला २८ चा आहे.

हलगीसम्राट
'नाचणारे' म्हणालास, तिथंच माझा कान टवकारला. वाजवणार कोण? गाणं कुठलं?

पेठेतलं_लेझीम
पिक्चरमधलं आहे, खाली हलगीचा ट्रॅक टाकून मिक्स करून घेतलंय. मोठा ब्लूटूथ स्पीकर आहे आमच्याकडं, गणपतीत घेतलेला. आवाज जगात भारी.

हलगीसम्राट
गेलं मग सगळं. लोकनृत्याला ध्वनिमुद्रित संगीत चालत नाही. स्पीकर कितीचा का असेना. गाणंही चित्रपटातलं नको. स्टेजवर बसून वाजवायचं, गायचं.

पेठेतलं_लेझीम
हे कुणी सांगितलं नाही की आम्हाला!!

हलगीसम्राट
भावा, तू कुणाला विचारलंस? आणि खरं सांगू, बरंच झालं. लेझीम हलगीवरच. हलगी, घुमकं (जोडीला वाजणारं तालवाद्य) आणि कैताळ (झांजा), बास. आवर्तन कुठं संपतंय ते हलगीवाला तुमच्या पायाकडं बघून ठरवतो. एखादी फेरी चुकली तर तो दोन ठोके जादा मारून सांभाळून घेतो. ट्रॅक सांभाळतो काय?

पुणेकर_सध्या
ट्रॅकवर शिस्त राहते हेही खरं. आमच्या ढोल पथकात...

हलगीसम्राट
इथं ढोल पथकाचा विषय नाही.

पुणेकर_सध्या
बरं. अवांतर विचारतो, सराव तालमीच्या हॉलवर कशाला? कोल्हापुरातलं केशवराव भोसले नाट्यगृह मिळत नाही का?

मास्तर_निवृत्त
तुम्ही पेपर वाचत नाही काय? ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ पासूनचं थिएटर. मी त्या रात्री खासबागेच्या कोपऱ्यावर उभा होतो. माझ्या शेजारी एक म्हातारा रंगकर्मी चप्पल हातात घेऊन उभा होता, का ते त्यालाही कळत नसेल.

छत्री_हरवली
युवा योजनेचा धागा दिसला म्हणून विचारतो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणमध्ये बारावीवाल्याला महिना ६,००० ना? पदवीला १०,०००? माझं खातं आधारला जोडलेलं आहे की नाही ते कसं बघायचं?

घाटमाथा
हो, आणि आयटीआय, पदविकेला ८,०००. खात्याचं बँकेत विचारा आणि वेगळा धागा काढा.

पेठेतलं_लेझीम
आमचंच अजून मिटलं नाही. आज क्रीडा कार्यालयात गेलो, परिपत्रक घेतलं. हलगीसम्राट बरोबर आहेत. आता नवीन लफडं. गल्लीत हलगी वाजवणारा एकच, आमचा मामा, वय ३४. वाजवणाऱ्याला पण वयाची अट लागते काय?

पुणेकर_सध्या
वाजवणारा स्पर्धक नसतो. बिनधास्त बसवा.

हलगीसम्राट
बिनधास्त कशाला? स्टेजवर जो बसला तो संघातला धरला तर? सगळा संघ बाद व्हायचा. एकोणतीस ओलांडलेला माणूसच नको. घुमक्यावर कोण असतो तुमच्या मामाबरोबर?

पेठेतलं_लेझीम
मामाचाच पोरगा. सोळाचा.

हलगीसम्राट
मग भावा, हलगीवाला घरातच आहे की! सोळा म्हणजे वयात बसतोय. बापाशेजारी घुमकं धरणाऱ्याला हलगीचे ठोके पाठच असतात, फक्त हात बसवायचा. घुमक्याला दुसरं कोण पण बघा.

पेठेतलं_लेझीम
काल रात्री बसवलं त्याला. पहिली दहा मिनिटं ठोका असा लडबडला की आम्ही एकमेकींच्या पायात पाय घातले. मग मामा उठला, जुनी वर्तमानपत्रं पेटवली, हलगी वरनं फिरवून फिरवून शेकली, कातड्यावर टिचकी मारून बघितली आणि परत पोराच्या हातात दिली. वाजली मग. पाऊस होता ना, चामडं ओलावलं होतं. पोराची चूकच नव्हती.

पुणेकर_सध्या
'एकमेकींच्या'? भावा, तू मुलगी आहेस? मग इतके दिवस 'गेलतो', 'गेलो' काय लिहितेस?

पेठेतलं_लेझीम
कोल्हापुरात पोरी असंच बोलतात. दहाच्या दहा पोरी आहोत. झेरॉक्सवाली पण.

हलगीसम्राट
माझी चूक झाली ताई. पण सल्ला तोच. गाणं कुठलं धरताय आता?

पेठेतलं_लेझीम
आजीचं जात्यावरचं एक आहे, तीन कडवी. वयाचे दाखले गोळा झालेत, एकीचा शाळा सोडल्याचा दाखला गावाकडून यायचाय. उद्या फॉर्म देतो. स्पर्धेच्या हॉलमागं कागद पेटवून हलगी शेकायला देतील काय, ते पण विचारून येतो.

छत्री_हरवली
बँकेत गेलो होतो, सर्व्हर डाऊन आहे. आता?