१८५१: बोनापार्टला सत्ता लोकांनी दिली की प्रजासत्ताकवाल्यांनी?

रानवाट: फेब्रुवारी १८४८ मध्ये राजा लुई फिलिप पळाला, फ्रान्समध्ये पुन्हा प्रजासत्ताक आलं. प्रौढ पुरुषांना सरसकट मताधिकार मिळाला आणि मतदार अडीच लाखांवरून एकदम ९० लाखांच्या पुढे गेले. डिसेंबरात त्यांनी अध्यक्ष कोणाला केलं? नेपोलियनच्या पुतण्याला, लुई नेपोलियन बोनापार्टला, ५४ लाख मतं देऊन! कामगारांच्या लाल झेंड्यासमोर फ्रान्सचा तिरंगा राखणाऱ्या कवी लामार्तीनला २० हजारही पडली नाहीत. तीन वर्षांत पुतण्यानं संसद मोडली, चौथ्या वर्षी सम्राट झाला. लोक आडनावाला भुलले, दुसरं काय!

खडूस_काका: भुलले? शेतकऱ्याच्या पदरात प्रजासत्ताकानं काय टाकलं ते बघा. मार्चमध्येच हंगामी सरकारनं प्रत्यक्ष करांवर फ्रँकमागे ४५ सांतीमचा जादा कर लावला. १०० फ्रँक भरणाऱ्यानं आता १४५ भरायचे, तेही ऐन मंदीत. त्याला वाटणारच की पॅरिसच्या बेकारांना आपण पोसतोय. जूनमध्ये त्या बेकारांना काम देणाऱ्या सरकारी कार्यशाळाही गुंडाळल्या. कामगार उठले, तर जनरल काव्हेन्याकनं तोफा लावल्या. आणि निवडणुकीत बोनापार्टसमोर उभा कोण, तर हाच काव्हेन्याक. कामगारांनी त्याला मतं द्यायची होती का?

रात्रपाळी: काका, १८४८ चं ठीक आहे हो. १८५१ चं बोला. संसद मोडल्यावर दोनच दिवसांनी, ४ डिसेंबरला पॅरिसच्या रस्त्यावर सैन्यानं बघ्यांवर गोळ्या झाडल्या. दक्षिणेत वार आणि बास-आल्प या जिल्ह्यांत संविधानासाठी उठले त्यात तुमचे शेतकरीच होते. देशभरात पंचवीस हजारांवर लोक धरले, हजारो अल्जीरियाला धाडले. एवढं उरकून त्याला मान्यता घ्यायला सार्वमत: ७४ लाख 'हो', साडेसहा लाखही 'नाही' नाहीत. हा कौल?

खडूस_काका: नाहीच. पण ३१ मे १८५० चा कायदा सोयीस्कर विसरलात. निवडून आलेल्या संसदेनंच तीन वर्षं एका जागी राहण्याची अट घातली आणि सुमारे ३० लाखांचं मत काढून घेतलं. पोटासाठी गावोगाव फिरणारा मजूर आपोआप बाद. २ डिसेंबरच्या पहाटे भिंतींवर फर्मानं लागली, त्यात 'संसद बरखास्त'च्या जोडीला 'सर्वांना मत परत' होतं. माणूस लबाड, पण दुखरी नस बरोबर धरली. दुसऱ्या दिवशी बॅरिकेडवर लोकप्रतिनिधी बोदँ मारला गेला, तरी पॅरिसचे कामगार संसदेसाठी फारसे उठले नाहीत.

गावकूस: 'सर्वांना' म्हणजे पुरुषांना, काका. फ्रान्समध्ये बायकांना मताधिकार मिळायला १९४४ उजाडलं. चालू द्या तुमचं.

रानवाट: मत परत दिलं, पण कसं? गावचा महापौर सरकारनं नेमलेला, प्रीफेक्ट म्हणजे जिल्ह्याचा सरकारी अधिकारी 'अधिकृत उमेदवार' जाहीर करणार आणि सरकारी पांढऱ्या कागदावर पोस्टर छापायची मुभा फक्त त्यालाच.

खडूस_काका: त्याच मतपेटीतून १८६९ मध्ये विरोधकांनी ३३ लाख मतं काढली.

रानवाट: आणि मे १८७० च्या सार्वमतात पुन्हा ७३ लाख 'हो'! सप्टेंबरात सम्राटाला खाली खेचलं ते प्रशियाविरुद्धच्या युद्धातल्या सेदानच्या पराभवानं, तुमच्या पेटीनं नाही.