मदत हवी आहे: घरच्या पीसीसाठी स्वस्त एसएसडी, आजच ऑर्डर करायची आहे

सरळरेष
घरचा पीसी असह्य मंद झालाय. चालू केल्यावर ते गोल गोल फिरणं थांबेपर्यंत दुसरी दोन कामं उरकून होतात. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी टाकली की पळतो असं जो तो सांगतो. बजेट कमी आहे. चांगली आणि स्वस्त कोणती? २५० जीबी पुरेल की ५००? साटा, एम.२, एनव्हीएमई असं काय काय दिसतंय, त्यातलं काय घ्यायचं? कृपया लेक्चर नको, नाव सांगा. रात्री ऑर्डर टाकणार आहे.

टोकदार
मदरबोर्ड कुठला? मशीन किती जुनं? पायाचं माप न सांगता चप्पल मागताय तुम्ही.

उंटावरून
एनव्हीएमई, म्हणजे सहसा मदरबोर्डच्या एम.२ स्लॉटमध्ये खोचायची पट्टी, घ्या डोळे मिटून. साटा, म्हणजे केबलनं जोडायची जुनी जात, सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडकते, साधी तिसऱ्या पिढीची (जेन ३) एनव्हीएमईसुद्धा ३५०० पर्यंत जाते. किमतीत आता फारसा फरक राहिलेला नाही. इतक्या जुन्या तंत्रज्ञानात कोण पैसे घालतं?

टोकदार
आणि स्लॉटच नसला तर? डोळे उघडल्यावर ती पट्टी कुठे खोचायची तेही सांगा.

जुनी_खोड
आधी रॅम किती ते सांगा. ४ जीबी असेल तर एसएसडीचा काडीचा उपयोग नाही. पहिलं रॅम वाढवा. माझं हे मत गेली कित्येक वर्षं ठाम आहे.

सरळरेष
मदरबोर्ड मला कसा माहीत असणार? काळा डबा आहे, असेंबल करून घेतलेला. आय-थ्री, विंडोज टेन. एवढ्यावरून नाही का सांगता येत?

रात्रपाळी
नाही येत हो. आय-थ्री नाव पहिल्या पिढीपासून चौदाव्या पिढीपर्यंत तेच आहे. डबा उघडायची गरज नाही. स्टार्टमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' शोधा. त्यात 'प्रोसेसर' आणि 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' अशा दोन ओळी असतील, त्या इथे उतरवा. रॅमही तिथेच दिसेल. आणि पीसी रखडलेला असताना टास्क मॅनेजर उघडून 'डिस्क'खाली किती टक्के दिसतात ते बघा.

पेंग्विनप्रेमी
विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली टाका. फुकट आहे, हलकं आहे, जुन्या हार्ड डिस्कवरही बरं चालतं. एसएसडीचा खर्चच वाचेल.

टोकदार
आला. वाटच बघत होतो.

सरळरेष
लिनक्स नको, घरात सगळ्यांना विंडोजची सवय आहे.
प्रोसेसर आय-थ्री २१२०, बोर्डच्या नावात एच६१ आहे, रॅम ४ जीबी. डिस्क १००% दाखवतंय, लाल होऊन. आता सांगा नाव.

रात्रपाळी
म्हणजे दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर. आता नीट सांगता येतं.

एनव्हीएमईचा विषय संपला. अशा बोर्डावर एम.२ स्लॉट नसतो. २.५ इंची साटा एसएसडी घ्यायची. एच६१ चिपसेटचे (बोर्डावरची मुख्य चिप) साटा पोर्ट ३ गिगाबिटचे असतात, त्यामुळे ५५० सुद्धा मिळणार नाहीत, २७० च्या आसपास थांबेल. त्यानं हिरमुसू नका. तुमची हार्ड डिस्क मंद वाटते ती मोठ्या फायलींमुळे नाही, विंडोज चालू होताना हजारो बारीक फायली इकडून तिकडून वाचाव्या लागतात म्हणून. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणारी तबकडी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते. सरासरी अर्धी फेरी वाट बघायची आणि वर हेड सरकायचा वेळ, म्हणजे दर वेळी १२-१३ मिलिसेकंद. एसएसडीत तेच काम ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास होतं. पोर्ट जुना असला तरी हा फायदा कुठे जात नाही.

उंटावरून
अडॅप्टर कार्डावर एनव्हीएमई बसते की मोठ्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये.

रात्रपाळी
बसते, दिसतेही. पण त्या काळच्या बायोसला (पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) तिच्यावरून बूट करता येत नाही. बायोसमध्ये बदल करून करतात काही लोक. आज रात्री ऑर्डर टाकणाऱ्या माणसाला हे सांगायचं का?

जुनी_खोड
४ जीबी निघालीच ना! मी म्हटलं होतं. डिस्क १००% दिसते कारण रॅम पुरत नाही आणि विंडोज सारखं पेजफाइलमध्ये (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) लिहीत बसतं.

टोकदार
अर्धं खरं. ८ जीबी करावीच, बोर्डाला डीडीआर३ प्रकारची रॅम लागेल, जुनी स्वस्त मिळते. पण 'काडीचा उपयोग नाही' हे काय? पेजफाइल एसएसडीवर गेली तरी मशीन हललेलं कळतं. रॅम वाढवून डिस्क तीच ठेवली तर बूट व्हायला तेवढाच वेळ लागणार.

बिनकामाचा
एसएसडीला डीफ्रॅग करू नका हं कोणी. आणि एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय कपाटात ठेवली तर डेटा उडू शकतो.

टोकदार
हे कोणी विचारलंय?

सरळरेष
नाव नाव नाव. मला एक २५० ची आणि एक १ टीबीची दिसतेय. १ टीबीवाली प्रति जीबी खूपच स्वस्त पडतेय, तिच्यावर क्यूएलसी लिहिलंय. तीच घेऊ का?

सोल्डरधूर
क्यूएलसी टाळा. टीएलसीत एका सेलमध्ये (डेटा साठवायच्या कप्प्यात) ३ बिट, क्यूएलसीत ४. बिट वाढले की लिहिणं मंद होतं आणि आयुष्य घटतं. सॅमसंगची ८७० क्यूव्हीओ घ्या उदाहरणाला: १ टीबीच्या मॉडेलमध्ये जास्तीत जास्त ४२ जीबीचा वेगवान बफर आहे. तो भरला की लिहिण्याचा वेग ८० एमबीवर येतो, म्हणजे तुमच्या हार्ड डिस्कच्याही खाली. हे कंपनीच्याच माहितीपत्रकात आहे.

उंटावरून
घरात एका दमात ४२ जीबी कोण लिहितं? आकडे वाचून लोकांना घाबरवायचं. वाचायला क्यूएलसी झकास असते.

सोल्डरधूर
पहिल्याच दिवशी जुन्या डिस्कवरून सगळं ओतताना लिहितात. ८७० ईव्हीओ टीएलसी आहे, डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची छोटी रॅम) आहे, वॉरंटी ५ वर्षं, आणि ५०० जीबीला ३०० टीबी लिहिण्याची हमी. रोज २० जीबी लिहिलं तरी ती हमी संपायला ४१ वर्षं लागतील.

उंटावरून
मग तुमच्याच हिशेबानं ८७० क्यूव्हीओची १ टीबीची हमी ३६० टीबी आहे, म्हणजे त्याहून जास्त. आयुष्याचा मुद्दा गेला की नाही?

सोल्डरधूर
दुप्पट जागा आणि हमी ६० टीबीच जास्त. आणि वॉरंटी ३ वर्षं.

रात्रपाळी
दोघांचंही ठीक आहे, पण बाईंना स्वस्त हवीय. डीरॅम नसलेली चालेल. एनव्हीएमईत डीरॅम नसेल तर मशीनची थोडी रॅम उसनी घेता येते, साटात ती सोय नाही, म्हणून जराशी मंद. पण हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला तो फरक कळणारही नाही. ५०० च्या आसपासची घ्या, २५० विंडोज आणि अपडेटमध्ये लवकर भरते आणि काठोकाठ भरलेली एसएसडी रखडते. क्रुशल बीएक्स५०० किंवा किंग्स्टन ए४०० या त्या वर्गातल्या. ईव्हीओ खिशाला परवडली तर ती. नाव न ऐकलेल्या कंपनीची भरमसाट टीबीवाली अगदी फुकटच्या भावात दिसली तर हात लावू नका. आतली जागा खोटी दाखवणारे ड्राइव्ह असतात, मर्यादेपुढचं लिहिलेलं सगळं गायब होतं.

बिनकामाचा
आमच्या वेळी १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर आख्खा प्रोजेक्ट मावायचा.

सरळरेष
धन्यवाद रात्रपाळी! ५०० ची साटा टाकते. जुन्या डिस्कचं क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करायचं ना सरळ? आणि एक, कॉपी करताना जुन्या डिस्कमधून मधूनच टक टक आवाज येतो आणि सगळं गोठतं. एसएसडी लावली की तोही जाईल ना?

टोकदार
थांबा!! हे आत्ता सांगताय?

रात्रपाळी
आधी हे करा, ऑर्डर नंतर. क्लोन करू नका, चेकडिस्कही (डिस्क तपासणारं विंडोजचं साधन) चालवू नका. डिस्क जायला आलेली असेल तर तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत रगडणं हा सगळ्यात वाईट उपाय. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) चालवून 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणाऱ्या जागा) आणि 'रीॲलोकेटेड सेक्टर' (खराब म्हणून बदललेल्या जागा) बघा. आणि ज्याच्याशिवाय चालणार नाही ते आत्ताच बाहेरच्या डिस्कवर काढा. विंडोज, प्रोग्रॅम परत मिळतात.

सरळरेष
पिवळं 'कॉशन' दाखवतंय. पेंडिंगसमोर शून्य नाहीये. हिशेबाच्या फायली निघाल्या. फोटोंच्या एका फोल्डरवर अर्धा तास अडकलंय.

टोकदार
तो फोल्डर सोडा. रद्द करा, बाकीचे आधी. नाठाळ शेवटी.

पेंग्विनप्रेमी
आता मी बोलू का? मिंट पेन ड्राइव्हवरून चालवा, काही इन्स्टॉल करायचं नाही. त्यात जीएनयू डीडीरेस्क्यू टाकता येतं. ते आधी डिस्कचे धड भाग वाचून घेतं, खराब जागांवर डोकं आपटत बसत नाही, त्या नंतर पुन्हा पुन्हा बघतं. कुठवर आलं याची नोंद ठेवतं, मध्ये बंद पडलं तरी तिथूनच पुढे. ज्यावर उतरवायचं ती डिस्क मात्र जुनीपेक्षा मोठी हवी.

सोल्डरधूर
हे बरोबर आहे. आणि सोर्स कुठला, डेस्टिनेशन कुठलं, तीनदा तपासून मग एंटर. उलटं झालं तर उरलेलंही जाईल.

सरळरेष
मला हे एकटीला झेपणार नाही, भाचा उद्या येतोय, त्याला हा धागा दाखवते. बाकीचे फोल्डर निघाले, तो एकच राहिलाय. पीसी बंद केलाय.

रात्रपाळी
उत्तम, तोवर चालू करू नका. एसएसडीवर विंडोज नव्यानं टाका. त्याआधी बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) जुना आयडीई असेल तर एएचसीआय करायला भाच्याला सांगा. आधी बदलला तर सोपं, विंडोज टाकल्यावर बदलला तर निळा स्क्रीन येतो. आणि विंडोज इलेव्हन तुमच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, तेव्हा टेनचं काय करायचं ते सावकाश ठरवा.

पेंग्विनप्रेमी
मिंट तर पेन ड्राइव्हवर असेलच...

सरळरेष
नाही!!
ऑर्डर टाकली. सोबत केबल येते का डब्यात?

टोकदार
बहुतेक वेळा नाही. साटा डेटा केबल वेगळी मागवा. नाहीतर डीव्हीडी ड्राइव्ह वापरत नसाल तर त्याच्या दोन्ही केबल काढून लावा. स्क्रूची सोय नसली तरी एसएसडीत फिरणारं काही नसतं, डबलटेपनं चिकटवली तरी चालते.