तळण-फरसाण तसंच ठेवून सोयाच्या वड्या खाल्ल्या तर उपयोग काय?

खडूस_लातूरकर (धागालेखक)
आमच्या भागात सोयाबीन मोप पिकतं, पण घरात येतं ते कारखान्यातून फिरून, तेलाच्या पिशवीत नाहीतर वड्यांच्या पाकिटात. हल्ली शुगर किंवा कोलेस्टेरॉल वाढलं की जो तो वड्यांच्या मागे लागतो. सकाळी वडापाव, चारला फरसाण, गोडमिट्ट चहा, आणि रात्रीच्या पुलावात मूठभर वड्या. झालं, 'सोया चालू केलंय'! माझं मत: बाकीचं ताट तेच असेल तर या मुठीनं काही साधत नाही. 1999 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 'हृदयरोगाचा धोका कमी होऊ शकतो' असं सोयाच्या पाकिटावर छापायला परवानगी दिली, तीही अटीवर: दिवसाला 25 ग्रॅम सोया प्रथिन, आणि एकूण आहारात संपृक्त चरबी (तूप, लोणी, मटणात असते ती) व कोलेस्टेरॉल कमी. ही दुसरी अट सगळे सोयीस्कर विसरतात. 2017 मध्ये तर हा दावा रद्द करण्याचा प्रस्ताव त्यांनीच मांडला.

मेतकूट
अहो, ती अट पाकिटावरच्या मजकुराची. बिघडलेल्या आहारातही सोयाचा गुण दिसतो. भरपूर चरबीच्या खाद्यावर ठेवलेल्या उंदरांना सोयातलं बीटा-कॉन्ग्लायसिनिन हे प्रथिन दिल्यावर यकृतातली चरबी कमी झाल्याचे प्रयोग आहेत. आणि माणसं एका रात्रीत सुधारत नसतात. माझ्या सासऱ्यांनी मटण सोडलं नाही, पण रविवारच्या खिम्यात आता निम्मा वड्यांचा चुरा असतो. तेवढी चरबी टळलीच की.

खडूस_लातूरकर
टळली ती मटण निम्मं झालं म्हणून. मी बोलतोय ते काहीच कमी न करता वरून वड्या घालणाऱ्यांबद्दल. 1995 च्या गाजलेल्या एकत्रित विश्लेषणात, म्हणजे सोयावरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडल्यावर, वाईट कोलेस्टेरॉल सुमारे 13 टक्के उतरलं होतं. 2006 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं पुन्हा हिशेब मांडला तर ते जेमतेम 3 टक्के, तेही रोज 50 ग्रॅम सोया प्रथिनावर. म्हणजे साधारण 100 ग्रॅम कोरड्या वड्या. भिजवून बघा किती होतात, आणि रोज खाऊन दाखवा.

उंदीरमामा
उंदरांचा विषय निघालाच आहे म्हणून. 2015 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड विद्यापीठानं उंदरांना 40 टक्के उष्मांक चरबीतून मिळतील असं खाद्य दिलं. एका गटात चरबी मुख्यतः खोबरेल तेलाची, दुसऱ्यात त्यातलं बरंचसं काढून सोयाबीन तेल. सोयाबीन तेलवाले जास्त लठ्ठ झाले, इन्सुलिनचं कामही त्यांच्यात जास्त बिघडलं. पीक एकच, पण वडीत प्रथिन, तंतू, आयसोफ्लेव्होन (सोयातली एक वनस्पतिजन्य द्रव्यं). तेलात नुसती चरबी, त्यातलं निम्मं लिनोलेइक आम्ल, म्हणजे असंपृक्त चरबीचा एक प्रकार. आता लगेच कढईतलं तेल ओतून देऊ नका. माणसांत संपृक्त चरबीच्या जागी हीच चरबी घेतली तर वाईट कोलेस्टेरॉल उतरतं, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. उंदरावरून थेट सासऱ्यांवर उडी नको, एवढंच. मेतकूटताई, हे तुमच्या यकृताच्या प्रयोगांनाही लागू.

चकली_नको
आमच्या भिशीत 'हेल्दी' म्हणून सोया स्टिक्स येतात. पाकिटामागची यादी वाचली का कुणी? पीठ, तेल, मीठ, आणि नावापुरतं सोया.

गिरणीवाला
गव्हात दहाला एक सोयाबीन घालून दळणारे बरेच आहेत. भाजून आणा, कच्च्यातली पचनाला आडवी येणारी द्रव्यं उष्णतेनंच मोडतात. थायरॉईडची गोळी असेल तर ती आणि सोया यांच्यात किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा, सोयानं गोळी कमी शोषली जाते.

मेतकूट
उंदीरमामा, मान्य, उंदीर बाजूला ठेवू. पण लातूरकर, तुमचा 3 टक्क्यांचा हिशेब फक्त कोलेस्टेरॉलचा आहे. हॉस्टेलवर, कंपनीच्या कँटीनला जेवणाऱ्यांचं काय? कोरड्या वड्यांत निम्मं वजन प्रथिनाचं, चरबी नगण्य, आणि पनीरपेक्षा कितीतरी स्वस्त. पोट भरल्यावर दुसरी प्लेट कमी मागवली जाते, ते तुमच्या हिशेबात कुठे येतं? 'आधी ताट सुधारा, मग सोया खा' म्हणालात तर तो पोरगा वड्याही सोडेल. आणि वड्या सोडल्यावर तो मोड आलेली मटकी खाणार आहे होय? ब्रेडपॅटिस खाईल.