कुलरची टाकी नेमकी वेल्डिंगवरच का गंजते?

महालकर: जस्ती पत्र्याची कुलरची टाकी आहे. पत्रा ठणठणीत, पण कोपऱ्यातल्या वेल्डिंगवर तांबडे ओघळ आणि टाचणीएवढं छिद्र. पाणी बोअरचं. उन्हाळ्याआधी जस्ताचा पेंट मारला तर भागेल का?

पत्राकाम: जस्त 907 अंशांना उकळतं, लोखंड 1,538 ला वितळतं. त्यामुळे वेल्डिंग करताना जोडालगतचं जस्त पांढरा धूर होऊन उडून जातं. (हा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो.) साध्या ओरखड्याला शेजारचं जस्त सांभाळून घेतं, कारण लोखंडाआधी ते झिजतं. पण बोटभर रुंद पट्टा उघडा पडला की त्याचं काही चालत नाही. त्यात 120 जीएसएमचा पत्रा म्हणजे चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 120 ग्रॅम जस्त, एका बाजूला जेमतेम 8 मायक्रॉन.

पेंट चालेल, पण वाळल्यावर 90 टक्क्यांवर जस्त राहील असाच घ्या. नुसता चंदेरी रंग म्हणजे बहुतेक ॲल्युमिनियम, त्याने हे काम होत नाही. टाकी कोरडी करून 80 नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, थिनरने पुसा. छिद्रात इपॉक्सी पुट्टी, बाकी उघड्या भागावर पेंटचे दोन पातळ हात. डबा तळापासून ढवळा. जस्ताची भुकटी जड, खाली बसते आणि वरचं पातळ तेवढं ब्रशला येतं.

महालकर: रेड ऑक्साइड आधीच मारून ठेवलाय. त्यावरच मारू?

पत्राकाम: नाही भाऊ, खरवडा. जस्ताचे कण लोखंडाला थेट टेकले तरच वीज वाहते आणि लोखंड वाचतं. मध्ये प्राइमर आला की जस्ताचा पेंट म्हणजे नुसता राखाडी रंग. जस्त वाळल्यावर वरून इपॉक्सीचा हात बिनधास्त द्या.

झवारप्रेमी: याच उकळण्यापायी पूर्वी खनिजातून जस्त काढणं अवघड होतं. भट्टीत ते वाफ होऊन निघतं आणि हवा लागताच पुन्हा भस्म. उदयपूरजवळ झवारला वांग्याच्या आकाराच्या मुशी (मातीची भांडी) उलट्या लावून वाफ खाली थंड भांड्यात उतरवत. इंग्लंडात विल्यम चॅम्पियनला जस्त काढण्याचं पेटंट मिळालं ते 1738 साली, झवारनंतर काही शतकांनी.

आता टाकीचं. क्षार काढायला संडासाचं ॲसिड ओतू नका, क्षारांबरोबर जस्तही फसफसून जातं. पातळ पांढरा थर राहू द्या, तो पत्र्याला आडच होतो. पण पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात, म्हणून नुसती भर घालत बसू नका. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करा. तांब्याची नळी असेल तर बदलून प्लास्टिकची लावा. पाण्यात उतरलेलं तांबं पत्र्यावर बसलं की तिथं खड्डा पडतो.