जुडोच्या बॅचमध्ये मुली टिकत का नाहीत?

मॅटवाला: जुडो शिकवतो. मुली येतात, सुरुवातीला अगदी वेळेवर, मग एकेक करून बंद होतात. विचारलं की "सर, अभ्यास आहे". अभ्यास मुलांनाही असतोच की. आता वाटतंय फक्त बायकांची सेल्फ डिफेन्सची बॅच काढावी, पण आमचे दुसरे सर म्हणतात वेगळं काढलं की कायम वेगळंच राहील. ज्यांनी सोडलंय त्यांनी स्पष्ट सांगा, राग येणार नाही.

पांढरापट्टा: सर, खरं कारण तोंडावर कोणी सांगत नाही. जोडी करा म्हटलं की मुलं पटापट एकमेकांना धरतात आणि मी उरते, मग कोणाला तरी माझ्याकडे ढकलतात आणि तो माझी कॉलर अशी धरतो जशी काचेची आहे, मी थ्रो मारायच्या आधीच पडतो. आणि कधी खरंच पाडलं तर पुढच्या राउंडला सगळा जोर काढणार!! वर कालच आलेला पोरगा मला ग्रिप शिकवणार. जोड्या तुम्ही लावा, शिकवायचं काम तुमचंच. आणि नेवाझाला, म्हणजे जमिनीवरच्या पकडींना, "याच्यासोबत नको" म्हटलं तर कारण न विचारता पार्टनर बदलून द्या, एवढं केलं तरी निम्म्या टिकतील.

उगाच_एक: सेल्फ डिफेन्समध्ये बहुतेक ठिकाणी मनगट सोडवायचं शिकवतात, अंधारात अनोळखी माणूस वगैरे. त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, तिथे आधी नाही म्हणता येणं, ओरडता येणं, भिडस्तपणा सोडता येणं लागतं. कॅनडातल्या विद्यापीठांमध्ये विद्यार्थिनींना १२ तासांचा असा कोर्स दिला होता, ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका कसा ओळखायचा, कसं अडवायचं आणि सोबत हातपाय चालवणं. २०१५ ला निकाल आला, वर्षभरात बलात्काराचं प्रमाण कोर्स केलेल्यांत ५.२ टक्के आणि नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांत ९.८. म्हणजे उपयोग होतो, पण शिकवताय काय ते बघा.

जुनी_खोड: दुसऱ्या सरांचं अगदीच चूक नाही हं. कोडोकानमध्ये, म्हणजे जपानमधल्या जुडोच्या मूळ संस्थेत, बायकांचा विभाग वेगळाच होता आणि तिथल्या जुडोका केइको फुकुदांना वर्षानुवर्षं पाचव्या दानवर (ब्लॅक बेल्टची पायरी) अडकवून ठेवलं, सहावा मिळाला १९७२ ला. अमेरिकेत रेना कानोकोगी १९५९ ला पुरुषांच्या टीममधून खेळल्या, जिंकल्या, आणि बाई आहे कळल्यावर मेडल परत घेतलं. ऑलिंपिकमध्ये बायकांच्या जुडोला मेडल १९९२ पासून. त्यामुळे वेगळी बॅच काढा, पण ती आत यायचं दार म्हणून. उकेमी (न लागता पडायचं तंत्र) पक्की झाली, भीड चेपली की मेन बॅचला या, आणि ग्रेडिंग, म्हणजे बेल्टची परीक्षा, सगळ्यांचं एकत्रच.

मॅटवाला: जोड्यांचं पटलं, कधी लक्षच गेलं नव्हतं. पण वजनाला जुळणारी दुसरी मुलगीच नसेल तर?

पांढरापट्टा: मग ब्राउन बेल्टवाला द्या, थोडा जड असला तरी चालेल, त्याला जोर कमीजास्त करता येतो. नवीन तगडा मुलगा तेवढा देऊ नका, लागतं ते त्यांच्यामुळेच.