बाहेरून आलेल्यांमुळे पडकं शहर सावरतं की अजून खचतं?

अनुष्का_पी:
माझा मावसभाऊ ओहायोत डेटनजवळ राहतो. तो म्हणतो बाजूच्या स्प्रिंगफिल्डमध्ये हैतीची माणसं आल्यापासून दवाखान्यात नंबर लागत नाही, भाडी पण खूप वाढलीत. दुसरीकडे वाचते की अशी मरगळलेली शहरं बाहेरच्यांनीच उभी केली. मग खरं काय? तिकडच्यांनी सांगा ना प्लीज.

सतीश_अपस्टेट:
दोन्ही खरं आहे अनुष्काताई. मी न्यूयॉर्क राज्यात युटिकाजवळ राहतो. १९६० ला इथे लाखभर लोक होते, मग कारखाने गेले, १९९५ ला जवळचा ग्रिफिस एअरबेस बंद झाला आणि २००० पर्यंत जेमतेम ६० हजार उरले, गल्लीच्या गल्ली ओस. त्याच काळात बोस्नियाच्या युद्धातून निर्वासित आले, त्यांनी मोडकळीला आलेली घरं कवडीमोलाने घेतली आणि छप्पर, प्लंबिंग, रंग सगळं घरच्या घरी केलं. सिटी हॉलशेजारचं रिकामं चर्च पाडायचं घाटत होतं, त्याची त्यांनी मशीद केली. २०२० ला लोकसंख्या परत ६५ हजारांवर. पण इथे निर्वासितांसाठी आधीपासून सेंटर होतं, इंग्लिश शिकवायला, काम मिळवून द्यायला. आणि रिकामी घरं भरपूर होती, हे विसरू नका.

मेघना_जर्सी:
आमच्या जर्सी सिटीत न्यूअर्क अव्हेन्यूवर आज देशी किराणा, साड्या, मिठाई, पाय ठेवायला जागा नसते. पण १९८७ ला इथेच डॉटबस्टर्स म्हणवणाऱ्या टोळीने भारतीयांना हाकलून देऊ असं पत्र पेपरला पाठवलं होतं. त्याच वर्षी होबोकनमध्ये नवरोझ मोदींना टोळक्याने मरेपर्यंत मारलं. त्यामुळे हैतीच्या लोकांना नावं ठेवताना आपल्या माणसांनी तरी दहादा विचार करावा, मला फार त्रास होतो ते ऐकून.

सतीश_अपस्टेट:
मेघनाताई, अगदी खरं. स्प्रिंगफिल्डला फरक एवढाच की साठ हजारांच्या आतल्या गावात शहराच्याच अंदाजाने १२ ते १५ हजार माणसं थोड्या वर्षांत आली. कारखान्यांना, गोदामांना कामगार हवे होते म्हणून आली, काम मिळालं, पण तेवढी घरं, डॉक्टर, दुभाषे कुठून येणार? कामगार मिळाल्याचा फायदा मालकाला, आणि दवाखान्यातली रांग गावाला.

अनुष्का_पी:
हे पटलं. भाऊ म्हणतो नर्सला एकेका पेशंटमागे फोनवर दुभाष्याला घेऊन बोलावं लागतं, दुप्पट वेळ जातो. मग त्या दुभाष्याचा खर्च राज्याने, फेडरल सरकारने उचलायला नको का?